ग्वाल्हेरात राहून मराठीत डार्क फँटसी लिहिते, दुसरा भाग अडकलाय. नोकरी-घर सांभाळून कसं लिहिता? आणि हिंदीत जावं का?

गोपाचल_लष्कर

नमस्कार मंडळी. इथे बरेच महिने नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी ग्वाल्हेरची, लष्करात जनकगंजात राहते, घराणं पिढ्यान्पिढ्या इथलंच. दिवसा एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीचं काम बघते आणि पहाटे डार्क फँटसी लिहिते, मराठीत. पहिला भाग मी स्वतःच काढला, आधी ईबुक, मग थोड्या छापील प्रती. प्रकाशकाकडे मुद्दामच गेले नाही कारण मला कथा तीन भागांतच सांगायचीय आणि कुणी ती कापून एकात बसवा म्हटलेलं मला चाललं नसतं. दुसरा भाग निम्म्याच्या पुढे आलाय आणि तिथेच थांबलाय.

कथा थोडक्यात सांगते म्हणजे अडचण कळेल. डोंगरावर एक किल्ला आहे, राजघराण्यातले नकोसे झालेले लोक तिथे ठेवतात. त्यांना मारत नाहीत, रोज सकाळी एक पेला पाजतात आणि प्रत्येक पेल्याबरोबर माणसाची एक आठवण जाते. त्या आठवणी किल्ल्याखालच्या तळघरांत साठतात आणि त्यांच्याच जोरावर राज्य चालतं. माझी नायिका तो पेला तयार करणारी आहे.

हे सगळं हवेतून आलेलं नाही. आपला किल्ला मोगलांच्या काळात शाही तुरुंग होता, औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादबक्षला, १६६१ साली इथेच मारलं, आणि थोरला भाऊ दारा शिकोह याचा मुलगा सुलेमान शिकोह १६६२ मध्ये इथेच गेला. बर्निये नावाच्या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलंय की ज्या राजपुत्रांचं मुंडकं उडवणं सोयीचं नसायचं त्यांना ग्वाल्हेरला ठेवून रोज सकाळी पोस्त पाजत, म्हणजे खसखशीची बोंडं ठेचून रात्रभर पाण्यात भिजवायची आणि ते पाणी द्यायचं, ते पोटात गेल्याशिवाय अन्न नाही. माणूस हळूहळू सुकायचा, बुद्धी जायची आणि मग जीव. सुलेमानने औरंगजेबासमोर विनवणी केली होती म्हणे की मारायचं असेल तर आत्ताच मारा पण ते पाणी नको. हे वाचल्यावर मला झोप लागेना. तो पेला रोज भरणारा हात कुणाचा असेल, घरी जाऊन तो काय जेवत असेल, माझी सगळी कथा या एका प्रश्नातून निघालीय.

आता अडचणी. पहाटे उठते ते नळ येईपर्यंतचा वेळ माझा. नळ आला की पाणी, डबे, मुलाची शाळा, ऑफिस. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीचे रिटर्न भरायचे असतात, त्या आठवड्यांत पहाटेसुद्धा डोक्यात इन्व्हॉइसच फिरत असतात, आणि पुन्हा बसले की आधीचा धागा सापडत नाही. मे-जूनमध्ये उकाड्याने रात्री झोप नाही आणि वरून लाइट जाते ते वेगळंच. शिवाय एखादा फार काळा प्रसंग लिहून लगेच पोळ्या लाटायला उभं राहिलं की दिवसभर मी त्या तळघरातून वर आलेलीच नसते.

घरचे चांगले आहेत, विरोध कुणाचाच नाही, पण सासूबाई मनापासून म्हणतात की एवढी भाषा आहे तुझी तर देवाचं काहीतरी लिही. समाजात हळदीकुंकवाला एका काकूंनी बाजूला घेऊन विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. त्यांना खरंच काळजी वाटत होती म्हणून राग आला नाही, पण उत्तरही देता आलं नाही.

बहीण म्हणते हिंदीत लिही, इथे प्रेस हिंदी, दुकानं हिंदी, मुलं हिंदी शाळेत, वाचक कितीतरी पट मिळतील. खरंय तिचं. मला दोन्ही सारख्याच येतात.

आणि जिथे प्रत्यक्षात गाडी अडलीय ते म्हणजे दुसऱ्या भागाचा शेवट. तो एका कुंडावर घडतो, किल्ल्यावरच्या जौहर कुंडावरून सुचलेला. वेढा पडलाय, किल्ला जाणार हे नक्की झालंय आणि बायका कुंडाकडे निघाल्यात. तो प्रसंग लिहिला की एकतर पोवाडा होतो नाहीतर नुसता भयंकर होतो, मला दोन्ही नकोय. कुणी असं काही लिहिलं असेल तर सांगा.

रात्रपाळी_नाशिक

ताई, धागा वाचून फार बरं वाटलं, मीही स्वतःच छापणारा आहे, शिफ्टची नोकरी, गूढ-अद्भुत लिहितो. वेळेबद्दल माझं मत स्पष्ट आहे, रोज लिहिलंच पाहिजे हा नियम नोकरदाराने घेऊच नये. लिखाणात दोन जातींची कामं असतात, एक नवं लिहायचं आणि दुसरं लिहिलेलं सांभाळायचं, आणि दुसऱ्या जातीचं काम थकलेल्या डोक्यानेही होतं. तुमच्या रिटर्नच्या आठवड्यात नवा सीन उघडूच नका. त्या दिवसांत तक्ता करा, कोणत्या पात्राची कोणती आठवण कोणत्या प्रकरणात गेली याचा. तुमच्या कथेत तर हा तक्ता म्हणजे प्राण आहे. एखाद्याची लहानपणाची नदी सातव्या प्रकरणात गेली आणि पंधराव्यात तो नदीचं नाव घेऊन शिवी देतोय असं झालं की वाचक तिथेच उठतो. या जॉनरचा वाचक फार बारीक असतो, भूत मान्य करेल पण भुताने स्वतःचा नियम मोडलेला मान्य करणार नाही. तुमचा रोजचा धंदाच ताळेबंद जुळवायचा आहे, हे काम तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं कराल.

धागा सापडत नाही त्यावर मी करतो ते सांगतो. उठण्याआधी पुढच्या वाक्याची सुरुवात अर्धवट टाकून ठेवतो आणि खाली बोलीभाषेत दोन ओळी की आता हा दार उघडणार आहे आणि आत अमुक आहे. नंतर कितीही दिवसांनी आलो तरी निदान दार तरी सापडतं. फोनवर बोलून टाइप करणं पण बघा, मराठी बऱ्यापैकी पकडतं आता, ऑफिसच्या वाटेवर संवाद बोलून ठेवता येतात.

ईबुकबद्दल एक विचारायचं होतं. किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या वर्गणीवाल्या ईबुक योजनेत, टाकलंय का? टाकलं असेल तर ९० दिवसांचा करार असतो आणि तो आपोआप पुढे चालू राहतो, तेवढ्या काळात तोच मजकूर डिजिटल स्वरूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, फुकट सुद्धा नाही, प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन कथांच्या साइटवर सुद्धा नाही. १० टक्क्यांपर्यंत नमुना चालतो, आणि छापील पुस्तकाला ही अट नाही. लोक प्रतिलिपीवर भाग टाकत टाकत मोठे होतात आणि मग तेच किंडलवर नेतात, तेव्हा ही गोष्ट आधी बघावी लागते. मी सरळ वाटणी केलीय, कादंबरी किंडलवर आणि त्याच जगातल्या सुट्या छोट्या कथा प्रतिलिपीवर.

आणि दिवाळी अंक सोडू नका! १९०९ साली मासिक मनोरंजनाने सुरू केलेली ही चाल आपल्याकडे अजून जिवंत आहे, आणि दिवाळी अंकाचा वाचक कधीकधी असा असतो की जो ईबुक आयुष्यात उघडणार नाही पण कथा आवडली तर पत्ता शोधून काढून पुस्तक मागवेल. तुमच्या किल्ल्यातली एक स्वतंत्र कथा लिहा, मागचापुढचा संदर्भ न लागणारी, आणि पावसाळा लागायच्या आत संपादकांना विचारून ठेवा, गणपतीत पाठवलं तर उशीर झालेला असतो.

रामबाग_इंदूर

मुली, मी लिहीत नाही, वाचतो. वय झालंय, टायपिंग हळू होतं.

सासूबाई देवाचं लिही म्हणतात ना, तर त्यांना एकदा प्रेमाने विचार की घरात कुणी गेल्यावर गरुडपुराण लावतात त्यात काय असतं. यमाच्या वाटेवरची तहान, वैतरणी, एकेका पापाला एकेक नरक, आणि हे सगळं तेरा दिवसांत घरातल्या पोरासोरांसमोर वाचलं जातं. आमच्या लहानपणी ते ऐकून रात्री अंगणात जायची हिंमत नव्हती. कुणी म्हटलं नाही की हे काळं आहे, मुलांना ऐकवू नका. आपल्या लोकांना अंधाराचं वावडं कधीच नव्हतं, त्या अंधारात काही न्याय असला पाहिजे एवढीच त्यांची अट असते. तुझ्या कथेत पेला देणारीला त्या पेल्याचा हिशोब द्यावा लागणार असेल तर सासूबाईंना ती कथा पोचेल बघ. त्यांना वाचून दाखव, सगळी नाही, एखादं प्रकरण.

आता हिंदी-मराठीचं. मुक्तिबोधांचं नाव तुला माहीत असणारच. गजानन माधव मुक्तिबोध, जन्म १९१७, श्योपूरला, म्हणजे तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातच. घर मराठी, आणि हा माणूस हिंदीत लिहीत राहिला, ओसाड बावडीतल्या अंधारात बसलेला ब्रह्मराक्षस हिंदी कवितेत आणला तो एका मराठी घरातल्या माणसाने. आणि त्यांचे सख्खे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत, मराठीतले मोठे कवी. एकाच घरातून दोन वाटा निघाल्या आणि दोन्ही मोठ्या झाल्या. तेव्हा हिंदीत गेलीस तर मराठी सोडली असं कुणी म्हणू नये, मी तरी म्हणणार नाही.

पण तू लिहिलंयस त्यात मला एक जाणवलं, पेला भरणारा हात घरी जाऊन काय जेवत असेल. हा प्रश्न तुला मराठीत पडला. तो हात वरणभात कालवतोय हे तुला मराठीतच दिसलं असणार. पहिला खर्डा ज्या भाषेत पात्रं आपणहून बोलतात त्यातच होऊ दे, हिंदी नंतर करता येईल आणि ती तू स्वतःच करशील, हा तर तुझा फायदा आहे, पुण्या-मुंबईच्या लेखकाला अनुवादक शोधत फिरावं लागतं.

अजून एक, पात्रांना पुण्याची मराठी बोलायला लावू नकोस. आपल्याकडचे पहारेकरी "कोण येऊन राहिलंय" असंच विचारतील. किल्ला तुझा आहे तर बोलणं पण तिथलंच असू दे. मला तर हीच गोष्ट तुझ्या पुस्तकात सगळ्यात जास्त वाचायला आवडेल.

दांडियाबाजार_डीटीपी

बडोद्याहून. पोटापाण्याचा धंदाच पुस्तकं लावण्याचा आहे, गुजराती जास्त, मराठी कमी पण प्रेमाने. ताई तुम्ही छापील प्रती काढल्यात असं लिहिलंय, तिथे प्रेसमध्ये ळ आणि ऱ्य चं काय झालं ते सांगा, कारण महाराष्ट्राबाहेर मराठी छापणाऱ्या प्रत्येकाचं दुखणं तिथेच असतं. ऑपरेटर हिंदी किंवा गुजराती असतो, तो काळा चा काला करतो, दुसऱ्या लिहिलेलं असलं की र चा रफार वर टाकून देतो, ॲ चा ऐ करतो, आणि त्याला वाटतं आपण चूक दुरुस्त केली. डार्क फँटसीत काळोख, तळघर, पायऱ्या, दऱ्या हेच शब्द पानोपानी, म्हणजे बघा.

उपाय आहे. मजकूर युनिकोडमध्येच द्यायचा आणि युनिकोडमध्येच लावून घ्यायचा. जुन्या प्रेसमध्ये तुमची फाईल घेऊन जुन्या फाँटात कन्व्हर्ट करतात कारण त्यांचं सॉफ्टवेअर जुनं, आणि सगळी पडझड त्या कन्व्हर्टरमध्ये होते. इनडिझाइन हे पानं लावायचं सॉफ्टवेअर असेल तर वर्ल्ड-रेडी कंपोजर चालू करायला सांगा, नाहीतर जोडाक्षरं सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. भाषा मराठी निवडली आणि फाँट चांगला असला तर ल आणि श सुद्धा मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. वाचकाला कारण कळत नाही पण पान आपलं वाटतं. सगळ्यात सोपं म्हणजे लेआउट बाहेर करून घ्यायचा आणि प्रेसला फक्त फाँट एम्बेड केलेली पीडीएफ द्यायची, मग त्याला हात लावायला काही उरतच नाही.

साइज डेमी ठेवा, साडेपाच बाय साडेआठ इंच, कागद थोडा पिवळसर नॅचरल शेड ७० जीएसएम, रात्री दिव्याखाली डोळ्याला बरा पडतो. पानं १६ च्या फॉर्ममध्ये, म्हणजे १६ च्या पटीत, बसवायचा प्रयत्न करा. थोड्या प्रती असतील तर डिजिटल प्रिंट, ऑफसेटच्या प्लेटांचा खर्च शेकड्यांनी प्रती काढल्याशिवाय निघत नाही. तीन भाग आहेत म्हणून सांगतो, तिन्हींच्या स्पाइनचं डिझाइन आत्ताच एकत्र करून ठेवा, कपाटात शेजारी उभे राहिले की एक चित्र व्हायला पाहिजे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी कुणाला पैसे देऊ नका, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून लेखकाला स्वतःच्या नावावर फुकट मिळतो, फक्त छापील आणि ईबुकला वेगवेगळा घ्यावा लागतो. आणि स्वतः प्रकाशक झालात म्हणजे १९५४ चा पुस्तकं ग्रंथालयांना देण्याचा कायदा तुम्हालाही लागू, छापल्यावर तीस दिवसांत प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या. बरेच जण पाठवत नाहीत. तुम्ही पाठवा. मराठीतलं डार्क फँटसीचं पुस्तक शंभर वर्षांनी कुणी शोधलं तर ते तिथे सापडायला पाहिजे.

महाराणा_प्रेमी

बाकी ठीक आहे पण जौहरला हात लावू नका ही विनंती. तो आपल्या अभिमानाचा विषय आहे, त्यात जादूटोणा, पेले वगैरे आणून त्या स्त्रियांचा अपमान होईल. दुसरा कुठलाही प्रसंग घ्या.

किलागेट

ताई मी पण ग्वाल्हेरचीच, किल्ल्याच्या पायथ्याशी राहते, शाळेत इतिहास शिकवते, म्हणून हे उत्तर माझ्याकडे लागतं असं वाटलं.

आधी वरच्या दादांना. तुमची भावना समजते. पण आपला जौहर कुंड १२३२ सालच्या, दिल्लीचा सुलतान अल्तमश याच्या वेढ्याशी जोडलेला आहे, आणि त्या बायकांबद्दल आपल्याला काय माहीत आहे? एकीचंही नाव आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. दरवर्षी मी मुलींना घेऊन जाते, गाइड सांगतो इथे जौहर झाला, मुली दोन मिनिटं पाण्याकडे बघतात आणि पुढे जातात. त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं होतं, मॅडम ज्यांना जायचं नव्हतं त्यांचं काय झालं असेल? माझ्याजवळ उत्तर नव्हतं, इतिहासात तो कागद नाहीच आहे. जिथे कागद नाही तिथे कथालेखकाने जपून जावं हे मान्य, पण जाऊच नये हे मला पटत नाही. अपमान कल्पनेने होत नाही, त्या बायकांना नुसतं एक दृश्य करून टाकलं की होतो.

आता ताई तुमच्या प्रसंगाबद्दल. पोवाडा किंवा नुसतं भयंकर, तुम्ही बरोबर ओळखलंय, आणि मला वाटतं दोन्ही यासाठी होतंय की तुम्ही तो लांबून बघताय, ज्वाळा, गर्दी, कुंकू. तुमची नायिका कुठे आहे त्या वेळी? तुमच्याकडे आठवण काढून घेणारा पेला आहे, सगळ्या पुस्तकाचं यंत्र तेच आहे, आणि नेमकं कुंडावर तुम्ही तो पेला बाजूला ठेवून आग घेतलीत. त्या बायका तिच्याकडे पेला मागायला येतील ना! भीती जावी म्हणून, मुलं आठवू नयेत म्हणून. आणि दुसरीकडे किल्लेदार तिला हुकूम देईल की सगळ्यांना पाज, म्हणजे कुणी मागे फिरणार नाही. एकच पेला, एकीसाठी दया आणि दुसरीवर जबरदस्ती, आणि तो भरणारा हात एकच. यात आग दाखवायची गरजच पडणार नाही कदाचित.

नियमाच्या बाबतीत आपल्या किल्ल्याची मूळ कथाच बघा ना. सूरजसेन राजाला कुष्ठरोग होता, ग्वालिपा नावाच्या साधूने कुंडाचं पाणी पाजलं, रोग गेला, आणि वर देताना अट घातली, तुझ्या वंशात नावापुढे पाल लागत राहील तोवर राज्य राहील. पिढ्यांमागून पिढ्या पाल लावत राहिल्या आणि चौऱ्याऐंशीव्याने तेजकरण नाव घेतलं, राज्य गेलं. दंतकथा आहे, पण आख्ख्या शहराचं नाव त्या साधूवरून आलं असं आपण मानतो. पाणी प्यायचं, बरं व्हायचं आणि किंमत कुणीतरी चौऱ्याऐंशी पिढ्यांनी मोजायची. तुमचा पेला आणि हे कुंड, मला तर एकाच पाण्याचे वाटतात. पहिला भाग मी वाचलेला नाही पण तुम्ही हे वापरलं नसेल तर जरूर वापरा.

आणि काळं लिहून लगेच पोळ्या लाटण्याबद्दल. मी हे शिकवताना करते ते सांगते, तुरुंगाचा धडा संपला की लगेच घंटा होऊ देत नाही, शेवटची पाच मिनिटं किल्ल्यातल्या मानमंदिर महालाच्या निळ्या फरशा काढते, त्यावरची बदकं, हत्ती, मगरी, मुलं हसतात. ज्या मानसिंगाने ती बदकं बसवून घेतली त्याच्याच महालाखाली पुढे कैदी सडले, दोन्ही खरंय. तुम्ही पण लिहून झाल्यावर त्याच किल्ल्यातली एखादी उजेडातली गोष्ट चार ओळी लिहून मग उठा. पुस्तकातही कामाला येतील, नुसता अंधार असला की वाचकाला अंधार दिसेनासा होतो.

महाराणा_प्रेमी

किलागेट ताई, त्या मुलीच्या प्रश्नावर मी थांबलो. विनंती मागे घेत नाही पण बदलतो, लिहाच तर त्यांना नावं द्या.

रात्रपाळी_नाशिक

नावांची सूचना फार चांगली आहे. आणि तक्त्यात त्यांच्यासाठी पण रकाना करा ताई, प्रत्येकीने काय विसरायला मागितलं.

कव्हरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून टाकतो, एआयने चित्र करायचा मोह होईल, या जॉनरमध्ये सगळेच करतायत, सगळ्यांची कव्हरं एकसारखी दिसायला लागलीत, धुकं, लाल डोळे, झगा. किंडलवर टाकताना एआयचं चित्र किंवा मजकूर असेल तर ते तिथे सांगावं लागतं. ग्वाल्हेरात एखादा चित्रकलेचा विद्यार्थी गाठा आणि त्याला पैसे द्या, किल्ला त्याने स्वतः पाहिलेला असेल.

गोपाचल_लष्कर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री सगळी उत्तरं दोनदा वाचली, मग झोप नाहीच.

किलागेट ताई, बायका पेला मागायला येतील हे तुम्ही लिहिलंत आणि मला एकदम सगळा प्रसंग दिसला. मी आजपर्यंत नायिकेला कुंडाच्या काठावर उभी करून बघायला लावत होते. आता ती काठावर नाहीच, वर स्वयंपाकघरात आहे, बोंडं ठेचतेय, आणि एकेक जण दारात येतेय. आग फक्त धुराच्या वासातून कळेल. एक म्हातारी येईल, ती म्हणेल मला काही विसरायचं नाही, मला फक्त बसायला जागा दे. एक तेरा-चौदा वर्षांची येईल, तिला आईने पाठवलंय, पण तिला पेला नकोय कारण प्यायली तर आईचा आवाज जाईल. आणि मागून हुकूम येईल सगळ्यांना पाजायचा. नायिका त्या मुलीच्या पेल्यात काय भरते तिथे दुसरा भाग संपवते. ठरलं. सगळ्यांना नावं असतील, म्हातारीचं नाव तर आत्ताच सुचलंय, पुस्तकातच वाचा.

सूरजसेनची कथा लहानपणापासून ऐकत आलेय पण पाण्याची किंमत पुढच्या पिढ्या मोजतात असं कधी बघितलं नव्हतं. तिसऱ्या भागाचं बीज आहे हे, मला शेवट माहीत नव्हता, आता थोडा दिसतोय.

रामबाग काका, आज दुपारी सासूबाईंना पहिल्या भागातलं कैद्याच्या आईचं प्रकरण वाचून दाखवलं. त्या मधेच म्हणाल्या, ती पेला देणारी रात्री देवापुढे दिवा लावते का? मी म्हटलं नाही. म्हणाल्या, लावत असणार, आणि तिच्याने देवाकडे बघवत नसणार. हे मला सुचलं नव्हतं, त्यांना विचारूनच पुस्तकात घेतेय. उद्या पुढचं प्रकरण वाच म्हणाल्यात. आणि हो, भाषा मराठीच, आपल्याकडचीच, "येऊन राहिलंय" सकट. हिंदी तिन्ही भाग झाल्यावर मी स्वतः करेन, बहिणीला तसं सांगितलं, ती पहिली वाचक व्हायला तयार आहे.

डीटीपी दादा, तुम्ही लिहिलंय अगदी तेच झालं होतं, इथल्या एका प्रेसने आख्ख्या पुस्तकात काळोख चा कालोख करून दिला, प्रूफात पकडलं म्हणून वाचलं, पण ते सगळं पुन्हा करून घेण्यात दिवाळी गेली. दुसऱ्या भागाचा लेआउट तुमच्याकडेच करायचा आहे, दर काय तो खाजगी निरोपात कळवा. पहिल्याच्या प्रती कोलकात्याला पाठवायच्या राहिल्यात, ते या आठवड्यात करते.

रात्रपाळी दादा, तक्ता सुरू केला, एक्सेलमध्ये, पात्र, आठवण, प्रकरण, आणि चौथा रकाना मीच वाढवला, ती आठवण गेल्यामुळे पुढे कोणतं वाक्य तो बोलू शकत नाही. दोन ठिकाणी आत्ताच सापडलं की सेनापती विसरलेल्या भावाचं नाव घेतोय. दिवाळी अंकासाठी म्हातारीचीच स्वतंत्र कथा करावी म्हणतेय, तिचं तरुणपण, किल्ल्यावर ती पहिल्यांदा आली तो दिवस. साधारण किती शब्दांपर्यंत चालतं तिकडे?

रात्रपाळी_नाशिक

अंकागणिक वेगळं असतं ताई, आधी संपादकांना दोन ओळीत कल्पना पाठवा, मर्यादा तेच सांगतील. तीन हजार शब्दांच्या आसपास बसवलीत तर बहुतेक ठिकाणी जागा करणं सोपं जातं.

किलागेट

कुंडाचं प्रकरण झालं की मला पाठवाल का? २० तारीख होऊन जाऊ दे. इतिहासाच्या बाजूने काही खटकलं तर कळवीन, आणि दहावीच्या ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता ती आता कॉलेजात आहे, मराठी वाचते, तुमची हरकत नसेल तर तिलाही देईन वाचायला.